बियांतली प्रथिनं आणि शेंगाधारी वृक्षांची नातीगोती : जेलवरच्या पट्ट्यांवर किती विसंबावं?

पारंबी

नमस्कार मंडळी. प्रबंधासाठी मी शेंगा धरणाऱ्या वृक्षांच्या बियांतली प्रथिनं तपासते आहे. यादी अशी : शिरीष, किन्हई, सुबाभूळ, बाभूळ, खैर, बहावा, काशीद, गुलमोहर, चिंच, कांचन, पळस, पांगारा, करंज. बियांचं पीठ केलं, मिठाच्या बफरमध्ये प्रथिनं उतरवली, एसडीएस-पेज जेलवर (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून पट्टे दाखवणारं जेल) चालवली आणि कुमासी निळ्याने रंगवली. एखाद्या जागी पट्टा असेल तर १, नसेल तर ० असा तक्ता केला. त्यावरून जॅकार्डचा साम्यगुणांक काढला आणि यूपीजीएमए (सर्वांत सारखे नमुने आधी जोडत जाणाऱ्या) पद्धतीने शाखाचित्र तयार केलं.

शिरीष आणि किन्हई एकमेकांना चिकटून आले. पळस आणि पांगाराही शेजारी आले. पण चिंच थेट पळस-पांगाऱ्याच्या फांदीवर जाऊन बसली, आणि बाभूळ नि खैर एकमेकांपासून भलतेच लांब गेले. जेल पुन्हा चालवलं तरी चित्र तेच.

या शाखाचित्राला उत्क्रांतीचा वंशवृक्ष म्हणता येईल का? आणि म्हणता येणार नसेल, तर याच बियांमधून खरी नाती काढायला आणखी काय करावं लागेल? माझा जीव या विषयात अडकलाय, त्यामुळे मोघम नको, सविस्तर उत्तरं द्या.

कुतूहल

विषय माझ्यासाठी नवा आहे, म्हणून अगदी पायाचा प्रश्न. पानं, साल, फुलं सोडून बीच का? आणि एका बीमध्ये इतकी वेगवेगळी प्रथिनं असतात का, की त्यावरून कोण कोणाचा भाऊबंद ते कळावं?

नीलपट्टी

कुतूहल, पारंबीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नात आहे. म्हणून आधी तुम्हाला उत्तर देतो.

पानातली प्रथिनं सतत बदलत असतात. ऊन, पाणी, कीड, पानाचं वय, सगळ्याचा परिणाम होतो. त्यातून रुबिस्को हे एकच प्रथिन पानात इतकं भरलेलं असतं की जेलवर बाकीची झाकोळून जातात. पिकून वाळलेल्या बीमध्ये मात्र सगळे व्यवहार थांबलेले असतात. रोपाला उगवताना लागणारा नायट्रोजन तिने प्रथिनांच्या रूपात साठवून ठेवलेला असतो. या साठवणीच्या प्रथिनांना दुसरं काम जवळजवळ नसतं. एखाद्या एन्झाइममध्ये मोक्याच्या जागचं अमिनो आम्ल बदललं तर कामच बंद पडतं. साठवणीच्या प्रथिनात असे बरेच बदल खपून जातात, पिढ्यान्‌पिढ्या साठत जातात, आणि म्हणून जवळच्या जातींमध्येही फरक दिसू लागतो.

बियांतल्या प्रथिनांची विभागणी टॉमस ऑसबोर्न यांनी विद्राव्यतेवरून केली : पाण्यात विरघळणारी अल्ब्युमिनं, मिठाच्या पाण्यात विरघळणारी ग्लोब्युलिनं, अल्कोहोलमध्ये विरघळणारी प्रोलॅमिनं आणि सौम्य आम्ल किंवा अल्कलीत उतरणारी ग्लुटेलिनं. शेंगाधारी कुलात भर ग्लोब्युलिनांवर. त्यातही दोन मोठी घराणी आहेत, लेग्युमिन (११एस) आणि व्हिसिलिन (७एस).

लेग्युमिनचा रेणू सहा तुकड्यांचा. प्रत्येक तुकडा सुमारे ६० किलोडाल्टनचा (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचं माप), आणि त्यात ४० च्या आसपासची एक आम्लधर्मी साखळी नि २० च्या आसपासची एक अल्कधर्मी साखळी डायसल्फाइड बंधाने (गंधकाच्या दोन अणूंमधल्या बंधाने) जोडलेली. व्हिसिलिन तीन तुकड्यांचं, तुकडा साधारण ५० किलोडाल्टनचा, आणि त्यात असे बंध नसतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जमीन आणि हवामानाचा परिणाम अगदीच होत नाही असं नाही. वाटाण्याला गंधक कमी पडलं की लेग्युमिन घटतं आणि व्हिसिलिनचं प्रमाण वाढतं, हे १९७० च्या दशकातच दिसलं आहे. म्हणजे पट्टा जाड की बारीक हे परिस्थितीवर हलतं, पट्टा कुठे बसतो हे सहसा हलत नाही. म्हणून तक्त्यात जाडीला गुण देऊ नयेत.

पारंबी, तुमच्या चिंचेबद्दल वेगळं लिहितो. त्याआधी एक सांगा : जेलवर चिंचेच्या रकान्यात एकूण पट्टे किती आहेत, आणि बाकीच्यांच्या मानाने तो रकाना फिका आहे का?

जुना_वर्गीकार

फार दिवसांनी असा धागा आला, मनापासून आनंद झाला.

बाभूळ आणि खैर लांब गेले म्हणून जेलला दोष देऊ नका, पारंबीताई. ते लांबच आहेत. आमच्या शिकण्याच्या काळात दोघेही अ‍ॅकेशिया या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) होते. आता बाभूळ व्हॅचेलियात आणि खैर सेनेगालियात आहे. अ‍ॅकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या गटाला राहिलं. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत तसं ठरलं आणि २०११ साली मेलबर्नला तेच कायम झालं. त्यावर कडाक्याचे वाद झाले, पण ते नाव कोणाकडे राहावं याबद्दल होते. गट वेगळे आहेत याबद्दल फारसं दुमत उरलं नव्हतं. खैराची फांदी बाभळीपेक्षा शिरीषाच्या गोतावळ्याला जवळ आहे. तुमच्या चित्रात खैर कोणाच्या शेजारी आलाय ते जरूर बघा.

आणि बियांनी हे आधीच सुचवलं होतं! १९७० च्या दशकात अ‍ॅकेशियाच्या पुष्कळ जातींच्या बियांतली मुक्त अमिनो आम्लं तपासली गेली, म्हणजे प्रथिनात न गुंफलेली, सुटी साठवलेली. त्यात बाभळीच्या गटात एन-असेटिल जेंकोलिक आम्ल ठळकपणे सापडलं आणि खैराच्या गटाचा साठा निराळा निघाला. डीएनएचे क्रम हातात यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. कॅनाव्हॅनिन या अमिनो आम्लाचंही तसंच. ते फक्त पतंगासारख्या फुलांच्या, पळस-पांगाऱ्याच्या उपकुलात सापडतं, शिरीष-बाभळीच्या बाजूला नाही.

थोडा इतिहासही सांगतो, कारण पारंबीताईंचा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. १९०४ मध्ये जॉर्ज नटॉल यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून प्राण्यांची नाती पडताळली. तीच कल्पना १९२० च्या दशकात कार्ल मेझ यांनी क्योनिग्सबर्गला वनस्पतींवर लावली. बियांच्या अर्काविरुद्ध सशात अँटिसिरम (त्या प्रथिनांना ओळखणारा रक्तद्रव) तयार करायचं आणि ते दुसऱ्या झाडाच्या अर्काशी किती साका धरतं ते बघायचं. त्यावरून त्यांनी सबंध वनस्पतिसृष्टीचा वृक्ष मांडला. बर्लिनच्या अभ्यासकांना ते निकाल जुळेनात, मोठा वाद झाला आणि पद्धत बरीच वर्षं बदनाम झाली.

ती सावरली १९४८ नंतर, ओर्जन ओखटरलोनी यांनी जेलमधली दुहेरी विसरणाची पद्धत आणल्यावर. मी ती स्वतः केलेली आहे, आणि आजही ज्याला जमेल त्याने एकदा करून बघावी. काचेवर आगरचा पातळ थर ओतायचा. मध्ये एक खळगा, त्यात अँटिसिरम. भोवती खळगे, त्यांत वेगवेगळ्या बियांचे अर्क. रात्रभर दमट डब्यात ठेवलं की दोन्हीकडून प्रथिनं सरकत येतात आणि भेटतात तिथे पांढरी रेघ उमटते. शेजारच्या दोन खळग्यांच्या रेघा एकमेकींत गुळगुळीत मिळून गेल्या, तर त्या अँटिसिरमला दोन्ही प्रथिनं सारखीच दिसली. एका रेघेचा टोकदार फाटा दुसरीच्या पुढे गेला, तर काही भाग सारखा आहे आणि काही नाही. सरळ एकमेकींना कापून गेल्या तर ओळख नाही. १९६० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात क्लोझ यांनी या पद्धतीने शेंगाधारी बियांवर पुष्कळ काम केलं. इथे प्रथिनाचं वजन बघितलं जात नाही, त्याचा पृष्ठभाग ओळखला जातो. पट्ट्यांपेक्षा ही ओळख जास्त खोल आहे असं माझं ठाम मत आहे.

आंतरसाल

आदर राखून विरोध करतो. हा सगळा इतिहास मोलाचा आहे, पण २०१७ मध्ये शिंबावंत, म्हणजे शेंगाधारी, कुलाचं नवं वर्गीकरण आलं ते मॅटके या जनुकाच्या क्रमावर. कुलात सुमारे ७६५ प्रजाती आणि साडेएकोणीस हजार जाती, त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त प्रजातींचे नमुने त्या वृक्षात आहेत. पूर्वीची तीन उपकुलं जाऊन सहा झाली : सर्सिडॉइडी, डेटॅरिऑइडी, डुपार्केटिऑइडी, डायॅलिऑइडी, सिसॅल्पिनिऑइडी आणि पॅपिलिओनॉइडी. शिरीष-बाभळीचं जुनं मिमोसॉइडी उपकुल आता सिसॅल्पिनिऑइडीच्या पोटात एक शाखा म्हणून आहे.

पारंबीची यादी त्यावर बसवा. कांचन सर्सिडॉइडीत. चिंच डेटॅरिऑइडीत. बहावा, काशीद, गुलमोहर, शिरीष, किन्हई, सुबाभूळ, बाभूळ, खैर सगळे सिसॅल्पिनिऑइडीत. पळस, पांगारा, करंज पॅपिलिओनॉइडीत. चिंच आणि पळस यांच्यात जवळचं नातं कुठेच नाही. उत्तर आधीच माहीत आहे. मग एका जेलवरच्या पट्ट्यांवरून ते पुन्हा, तेही अर्धवट, काढायचं कशाला?

पट्ट्यांवर माझा मूळ आक्षेप असा. दोन झाडांत ५० किलोडाल्टनला पट्टा आहे, एवढ्यावरून ते एकच प्रथिन कसं ठरतं? एकाच वजनाची दोन अगदी वेगळी प्रथिनं असू शकतात. उलट, एकाच पूर्वजाकडून आलेलं प्रथिन एका झाडात कापलं जाऊन दोन पट्ट्यांत विभागलेलं असू शकतं.

नीलपट्टी

आंतरसाल यांचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यात आकड्यांची भर घालतो, म्हणजे चिंच पळसापाशी का गेली ते उलगडेल.

समजा जेलवर डोळ्याला वेगळ्या ओळखू येतील अशा ४० जागा आहेत. दोन बिया घेतल्या, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या, आणि प्रत्येकीचे १५ पट्टे. निव्वळ योगायोगाने किती पट्टे जुळतील? १५ गुणिले १५ भागिले ४०, म्हणजे साडेपाचच्या थोडं वर. जॅकार्डचा गुणांक म्हणजे जुळलेले पट्टे भागिले दोघांचे मिळून एकूण वेगळे पट्टे. तो येतो ०.२३. काहीही नातं नसताना! शिवाय साठवणीची प्रथिनं ४० जागांवर सारखी पसरत नाहीत, ती २०, ४० आणि ५०-६० च्या आसपास दाटी करतात. त्यामुळे खरा योगायोगाचा आकडा याहूनही वर जातो. पारंबी, तुमचा चिंच-पळस गुणांक ०.३ च्या आसपास असेल तर त्यातून नात्याबद्दल काहीच कळत नाही. शिरीष-किन्हई ०.७ च्या पुढे असतील तर ते बोलणं ऐकण्यासारखं आहे.

यूपीजीएमएचंही ध्यानात घ्या. सगळ्या फांद्यांवर बदलाचा वेग सारखा, असं ती पद्धत गृहीत धरते. त्यात सुट्या पडलेल्या नमुन्याला कुठे ना कुठे चिकटावंच लागतं, आणि ते चिकटणं चित्रात नात्यासारखं दिसतं.

व्हिसिलिन तर आणखी अवघड. वाटाण्यात ५० किलोडाल्टनच्या काही साखळ्या बीमध्येच कापल्या जातात आणि ३३, १९, १६ असे तुकडे पडतात. तक्त्यात ते वेगवेगळे गुणधर्म म्हणून मोजले जातात. मुळात मात्र एका जनुकघराण्याची गोष्ट आपण तीन-चारदा मोजलेली असते.

एवढं असूनही मी प्रथिनांच्याच बाजूने आहे, कारण पट्टे मोजणं ही प्रथिनांच्या अभ्यासाची फक्त पहिली पायरी. एखादं प्रथिन नेमकं कोणतं हे ओळखून मग त्याची बांधणी तुलनेला घेतली की बी खोल फांद्यांबद्दलही बोलते. पुढच्या प्रतिसादात लिहितो.

रोपवाटिका

वाचतोय. आमचं काम बियाण्याचं आणि रोपांचं. वर्गीकरणात मला गती नाही, पण एक सांगतो. ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि मँजियम (अ‍ॅकेशियाचीच दुसरी जात) यांचा आपोआप संकर होतो. मलेशियातल्या सबामध्ये १९७० च्या दशकात तो लक्षात आला. रोप लहान असताना संकर कोणता, शुद्ध कोणतं, हे पानांवरून सांगताना भल्याभल्यांची पंचाईत होते. अशा ठिकाणी बीमधल्या प्रथिनांचा उपयोग होतो का?

नीलपट्टी

होतो, आणि आंतरसाल यांच्या ‘कशाला?’ला हेच माझं पहिलं उत्तर आहे. मॅटके हे हरितलवकातलं जनुक. शेंगाधारी झाडांत ते बहुतेक करून आईकडूनच येतं. त्यावरून संकराचा बाप कळत नाही. बीमधली साठवणीची प्रथिनं पेशीकेंद्रातल्या जनुकांची, आणि शेंगाधारी बियांत ती मुख्यतः भ्रूणाच्या दलिकांत (बीच्या दोन डाळींत) असतात. भ्रूणात आई-बाप दोघांचा वाटा. त्यामुळे संकराच्या बीमध्ये दोघांचे खास पट्टे एकत्र दिसतात. दोन्ही पालकांचे नमुने त्याच जेलवर आजूबाजूला हवेत, एवढी काळजी घ्या. सुबाभळीसारख्या बहुगुणित झाडालाही हे लागू. तिची गुणसूत्रं १०४, आणि दोन वेगळ्या जातींचा वारसा तिच्यात एकवटलेला. अशा दोन बुंध्यांच्या झाडाला वंशवृक्षावर एकाच जागी बसवता येत नाही, पण प्रथिनांमध्ये दोन्ही बुंधे शोधता येतात.

बीजावरण मात्र सगळं आईचं. ते न काढता पीठ केलं तर भ्रूणाच्या प्रथिनांत आईच्या ऊतीची सरमिसळ होते.

आता खोल फांद्यांकडे वळतो. माझं आवडतं उदाहरण कुनिट्झ घराण्यातल्या ट्रिप्सिनरोधकांचं. किड्यांच्या पोटातलं ट्रिप्सिन अडवणारी ही सुमारे २० किलोडाल्टनची प्रथिनं. मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये सोयाबीनमधलं पहिलं स्फटिकरूपात वेगळं केलं. सोयाबीन, पांगारा, कांचन, गुलमोहर यांच्या बियांत ते एकसंध साखळीचं असतं. रतनगुंज, सुबाभूळ, विलायती कीकर अशा शिरीष-बाभळीच्या शाखेतल्या झाडांत त्या साखळीचे दोन तुकडे झालेले असतात, एक साधारण १६ चा आणि एक ५ चा, डायसल्फाइड बंधाने धरलेले. म्हणजे एका शाखेत प्रथिनाच्या बांधणीत एक खास बदल रुजला. ‘पट्टा आहे की नाही’ यापेक्षा असा बदल किती तरी मोलाचा, कारण नेमकं काय बदललं ते आपल्याला माहीत आहे. अपवादही आहे. त्याच शाखेतल्या इंगा प्रजातीच्या एका जातीत एकसंध साखळीचा रोधक मिळाला. ते परत एक झालं की दोन तुकड्यांचा बदल त्या फांदीवर टिकलाच नाही, हा खरा अभ्यासाचा प्रश्न.

दुसरं घराणं बोमन-बर्क रोधकांचं. जेमतेम ८ किलोडाल्टनचे, सात डायसल्फाइड बंधांनी घट्ट विणलेले, आणि मुख्यतः पॅपिलिओनॉइडीत आढळणारे. पारंबी, तुम्ही १२ टक्क्यांचं जेल वापरलं असेल तर हे प्रथिन निळ्या रंगाच्या पुढच्या रेघेबरोबर निघून गेलं असणार. ते बघायला ट्रायसिन जेल (लहान प्रथिनांसाठीचं जेल) लावा.

पारंबी

किती नीट समजावलंत! चिंच-पळस गुणांक ०.३१ आहे, आणि शिरीष-किन्हई ०.७४. खैर शिरीषाच्या फांदीच्या मुळाशी आलाय, बाभूळ स्वतंत्र. जुना_वर्गीकार म्हणाले तसंच.

चिंचेचा रकाना खरंच फिका आहे. चार-पाच जाड पट्टे आणि वरून खालपर्यंत ओढल्यासारखा डाग. सुबाभूळ नि गुलमोहराचा अर्क तर पिपेटमध्ये चढताना चिकट तारा धरतो. याला काय करतात?

नीलपट्टी

मग चिंचेचं कोडं सुटलं. तिच्या बारीक पट्ट्यांना वावच मिळाला नाही, दिसले ते २०, ४० आणि ५० चे सर्वांकडे असणारे जाड पट्टे. आणि जे सर्वांकडे असतं त्याने कोणाचंच विशेष नातं ठरत नाही.

चिकटपणा येतो तो गॅलॅक्टोमॅनन नावाच्या डिंकासारख्या शर्करेमुळे. सुबाभूळ, गुलमोहर, बहावा यांच्या बीमध्ये दलिकांभोवती भ्रूणपोषाचा पारदर्शक थर असतो, त्यात ती भरलेली असते. बीच्या टणक सालीला एका कडेला कानशीने घासून खाच पाडा आणि बी फ्रिजमध्ये थंड पाण्यात ठेवा. थर फुगून जेलीसारखा मऊ झाला की चिमट्याने सोलून काढा. आत पिवळसर दलिका मिळतील, त्या लगेच गोठवा. जास्त वेळ भिजवलं तर अंकुरण सुरू होतं आणि साठवणीची प्रथिनं तुटायला लागतात.

चिंचेला हा उपाय चालत नाही. तिला भ्रूणपोषच नसतो, आणि तिची झायलोग्लुकन ही शर्करा दलिकांच्या पेशीभित्तींतच भरलेली असते. तिथे बफर भरपूर घ्या आणि सेंट्रिफ्यूज जास्त वेळ चालवा. लालसर तपकिरी साल पूर्ण खरवडून काढा, तिच्यातलं टॅनिन प्रथिनांना धरून बसतं. अर्क तपकिरी होत असेल तर बफरमध्ये पीव्हीपीपी (टॅनिन धरून ठेवणारी भुकटी) घाला. करंजाचं पीठ आधी थंड हेक्सेनने धुऊन तेल काढा. शेवटी ब्रॅडफर्डच्या रंगपद्धतीने प्रथिन मोजून प्रत्येक रकान्यात सारखंच भरा.

जुना_वर्गीकार

झायलोग्लुकनचा उल्लेख आला म्हणून राहवत नाही. दलिकांच्या भित्तीत ही शर्करा साठवणं हे चिंचेच्याच गोतावळ्याचं लक्षण आहे, हायमेनिया, कोपाइफेरा, अफझेलिया यांच्यातही ते दिसतं. प्रथिनांच्या आड येते म्हणून आपण तिला वैतागतो, पण चिंचेचं खरं कूळ तीच सांगते आहे. पारंबीताई, प्रबंधात याला एक परिच्छेद द्याच.

बहावा आणि काशीद यांच्यावरही लक्ष ठेवा. १९८२ मध्ये अर्विन आणि बार्नबी यांनी जुनी अवाढव्य कॅशिया प्रजाती कॅशिया, सेना आणि कॅमेक्रिस्टा अशी तीन भागांत तोडली. बहावा कॅशियातच राहिला, काशीद सेनात गेला. कॅमेक्रिस्टातली एखादी जात मिळवून या दोघांच्या शेजारी चालवलीत, तर त्या विभागणीची प्रथिनांकडून स्वतंत्र साक्ष मिळेल.

आंतरसाल

संकराचा मुद्दा मला पटला. रोधकांचाही पटला, कारण तिथे आपण प्रथिन कोणतं हे ओळखून बोलतोय. पण खोल फांद्यांसाठी शेवटी क्रमच लागतो यावर मी ठाम आहे, आणि तिथेही एक खड्डा आहे. लेग्युमिनची जनुकं एकाच झाडात अनेक असतात, जुन्या द्विरुक्तीतून आलेली. पळसातली एक प्रत आणि पांगाऱ्यातली दुसरीच प्रत तुलनेला घेतली, तर वृक्ष निघतो तो जनुकांच्या फाटाफुटीचा. झाडांचा नाही. डॉनल्ड बोल्टर यांनी १९७० च्या दशकात वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या प्रथिनाचे क्रम काढले तेव्हापासून हा प्रश्न मागे लागलेला आहे : तुलना करतोय ती एकाच प्रतीची आहे ना?

कुतूहल

म्हणजे आधी ‘हे प्रथिन कोणतं’ हे ठरवायचं आणि मगच तुलना. पण क्रम काढायची सोय नसेल तर साध्या प्रयोगशाळेत ते ठरवता येतं का?

नीलपट्टी

येतं, बऱ्यापैकी. मर्कॅप्टोइथेनॉल डायसल्फाइड बंध तोडतं, त्याचाच उपयोग करायचा. याला कर्णजेल म्हणतात.

पहिल्या जेलमध्ये नमुना मर्कॅप्टोइथेनॉल न घालता चालवायचा. मग तो रकाना उभी पट्टी म्हणून कापायचा, मर्कॅप्टोइथेनॉल असलेल्या बफरमध्ये बुडवून ठेवायचा आणि १५ टक्क्यांच्या नव्या जेलच्या माथ्यावर आडवा निजवून पुन्हा चालवायचा. बंधाने जोडलेल्या साखळ्या नसलेली प्रथिनं दोन्ही दिशांना सारखीच धावतात, म्हणून ती तिरक्या रेघेवर, कर्णावर, येतात. व्हिसिलिन तिथेच सापडतं. लेग्युमिन मात्र ६० च्या जागेवरून फुटून कर्णाच्या खाली उतरतं, आणि एकाखाली एक दोन ठिपके दिसतात, ४० ला एक आणि २० ला एक. ते दिसले की शंका राहत नाही. दोन साखळ्यांचा कुनिट्झ रोधक २० च्या जागेखाली १६ आणि ५ असे ठिपके देतो. ५ चा ठिपका फिका असतो, डोळे ताणून बघावा लागतो. एकसंध साखळीचा रोधक बंध तुटल्यावर पसरतो आणि जरा हळू धावतो, म्हणून कर्णाच्या किंचित वर दिसतो.

पारंबी, तुमच्या यादीतल्या प्रत्येक बीचं असं एक जेल झालं तर ० आणि १ च्या तक्त्याऐवजी तुमच्याकडे नाव असलेले गुणधर्म येतील : लेग्युमिनची आम्लधर्मी साखळी किती वजनाची, रोधक एकसंध की दुभंगलेला, बोमन-बर्क आहे का. मोजकेच असतील. पण त्यातला प्रत्येक गुणधर्म २०१७ च्या वृक्षावर ठेवून तो कोणत्या फांदीवर बदलला हे विचारता येईल. आंतरसाल यांच्या ‘कशाला?’ला हे माझं दुसरं उत्तर : झाडांचा वृक्ष जनुकांनी दिला असला, तरी त्या वृक्षावर बी कशी बदलत गेली हे फक्त बीच सांगू शकते.

आंतरसाल

या मांडणीला माझा विरोध नाही. पारंबी, असं केलंत तर जेलचे फोटो इथे नक्की टाका. शिरीष-किन्हई-खैर या तिघांचे रोधक शेजारी शेजारी बघायची मला फार उत्सुकता आहे.

पारंबी

ठरलं. शाखाचित्र मी शिरीष-किन्हई आणि पळस-पांगारा अशा जवळच्या जोड्यांपुरतंच ठेवते आणि त्याला ‘पट्ट्यांचं साम्यचित्र’ एवढंच म्हणते. खोल फांद्यांसाठी कर्णजेल. कॅमेक्रिस्टाच्या बिया शोधते. बिया नव्याने गोळा करायच्याच आहेत, तर गोळा करताना काय जपावं?

जुना_वर्गीकार

ज्या झाडाच्या बिया, त्याच झाडाची फांदी पानं, फुलं, शेंगांसह दाबून, वाळवून, क्रमांक घालून वनस्पतिसंग्रहात जमा करा. जेलवरच्या रकान्याला तोच क्रमांक द्या. शिरीष म्हणून किन्हईच्या शेंगा मिळाल्या, असं पुढे कोणी म्हणालं तर दाखवायला नमुना हवा.

रोपवाटिका

शेंगा झाडावर पूर्ण वाळल्यावरच काढा. हिरव्या शेंगेतल्या बीमध्ये साठवण पूर्ण झालेली नसते. जमिनीवर पडलेल्या घेऊ नका, कोणत्या झाडाच्या ते कळत नाही. प्रत्येक झाडाच्या बिया वेगळ्या पाकिटात ठेवा, एकत्र करू नका.

आणि शिरीष, बाभूळ, सुबाभूळ यांच्या बियांत भुंगेरे फार. मादी शेंगेवर किंवा बीवर अंडी घालते, अळी आत शिरते ती जागा टाचणीच्या टोकाएवढीच, साल नंतर बुजल्यासारखी दिसते. बाहेरून बी धडधाकट वाटते आणि आत गुबगुबीत अळी दलिका खात बसलेली असते. तशी बी दळली तर जेलवर किड्याची प्रथिनंही येणार. पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढल्या तरी अळी लहान असली तर बी बुडते. त्यामुळे दळायच्या आधी प्रत्येक बी मधोमध कापून बघा. दोन्ही दलिका भरीव, एकसारख्या रंगाच्या आणि बोगदा नसलेल्या असतील तेवढ्याच घ्या.